शब्दचर्चा: विषाणू पेशीला चिकटतो, बिलगतो की लागतो?

अर्धविराम:
एका वाक्यापाशी तीन दिवस गाडी अडलीय, म्हणून धागा काढतोय. एचआयव्हीवरच्या औषधांची माहिती साध्या मराठीत लिहायचं काम हाती घेतलंय. वाचक डॉक्टर नाहीत, पण नेटानं वाचणारे आहेत. सध्याचं प्रकरण आहे ते विषाणूला प्रतिकारशक्तीच्या पेशीवर पकडच मिळू न देणाऱ्या औषधांचं, म्हणजे इंग्रजीत 'अटॅचमेंट इनहिबिटर', उदाहरणार्थ फॉस्टेमसाव्हिर. पहिल्या झटक्यात वाक्य पाडलं ते असं:

'ही औषधे म्हणजे एचआयव्हीला रोगप्रतिकारक पेशींशी संलग्न होण्यापासून अवरोध करणारे लघुरेणू होत.'

घरात वाचून दाखवलं. पहिला प्रश्न आला, "संलग्न म्हणजे? कॉलेज विद्यापीठाशी संलग्न असतं तसं?" दुसरा आला, "लघुरेणू म्हणजे अणूच ना?" तिसरा आला नाही, कारण ऐकणारी व्यक्ती उठून गेली होती.

'चिकटणे' लिहावं तर डिंक आठवतो. 'जोडला जाणे' लिहिलं तर कुणी तिसऱ्यानं जोडून दिल्यासारखं वाटतं. 'बिलगणे' कानाला गोड लागतो, पण तो लेकराचा शब्द, विषाणूच्या तोंडी कसा घालायचा? तुम्ही काय लिहाल?

काना-मात्रा:
आधी ते 'होत' काढा. मग 'अवरोध करणारे' काढा. 'होण्यापासून'च्या पुढे 'रोखणे' येतं, 'अवरोध करणे' येत नाही. बाकीचं जाणकार सांगतील.

शंकासुर:
एवढा काथ्याकूट कशाला? देवनागरीत सरळ 'अटॅचमेंट इनहिबिटर' लिहा आणि पुढे चला. बोलताना अँटिबायोटिकला प्रतिजैविक म्हणणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

अर्धविराम:
शंकासुर, तेही करून पाहिलं. 'अटॅचमेंट' म्हटलं की लोकांना ईमेलसोबतची फाइल आठवते. 'इनहिबिटर' म्हटलं की काहीच आठवत नाही.

धातुसाधित:
गंमत बघा. 'संलग्न'ला नाक मुरडणारे आपण सगळे रोज त्याच धातूवर जगतो. लग् म्हणजे टेकणं, चिकटून राहणं. त्यातूनच लग्न, संलग्न, आणि मराठीत आल्यावर लगत, लागणे, लागण. 'लागणे' तर किती राबतं! आग लागते, नाद लागतो, दृष्ट लागते, ठेच लागते, दम लागतो. एक गोष्ट दुसरीला टेकते आणि टेकल्यावर मामला बदलतो. रोगही असाच 'लागतो'. तेव्हा विषाणूनं पेशीला धरणं ही कल्पना 'लागण' शब्दाच्या पोटात आधीपासून आहे, मुद्दाम घडवावी लागत नाही.

पंचाईत अशी की शब्द आता पुढे निघून गेलाय. 'लागण झाली' म्हणजे टेकणं, शिरणं, वाढणं सगळं उरकलं. म्हणून 'लागणरोधक' व्युत्पत्तीनं बरोबर आणि अर्थानं पार चूक. 'संसर्ग' मुळात संगतीचा शब्द, वाईट संगतीलाही संसर्गच म्हणायचे, त्यामुळे तोही सैल. 'संक्रमण' मी सूर्यासाठी राखून ठेवतो.

'लागण'चा एक दुसरा अर्थ विसरू नका. शेतात बेण्याची लागण करतात, म्हणजे ते मातीत लावतात. हा अर्थ एचआयव्हीला कितपत बसतो ते पिपेट सांगेल.

पिपेट:
हाक मारलीत तर आले. थोडं लांबेल.

प्रयोगशाळेत एक साधी युक्ती वापरतात. ताटलीत पेशी असतात, त्यांवर विषाणू घालायचे आणि ताटली बर्फावर, ४ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवायची. विषाणू पेशींना धरून बसतात, पण आत शिरत नाहीत. ताटली ३७ अंशांवर आणली की शिरायला लागतात. बर्फावर असताना जे घडून थांबलेलं असतं, त्याला काय म्हणायचं, एवढाच तुमचा प्रश्न आहे.

आता पहिली अडचण. बर्फावरच्या त्या ताटलीत दोन वेगळ्या गोष्टी झालेल्या असतात. काही विषाणू पेशीवरच्या शर्करांना, हेपरान सल्फेटसारख्या, नुसते विद्युतभारामुळे चिकटलेले असतात. तिथं ओळखदेख काही नसते, कपड्याला कुसळ चिकटावं तसं. ह्याला खुशाल 'चिकटणे' म्हणा. दुसरी गोष्ट नेमकी असते. विषाणूच्या अंगावरच्या काट्याचं टोक जीपी-१२० ह्या प्रथिनाचं, आणि ते पेशीवरच्या सीडी-४ ह्या प्रथिनालाच पकडतं. एचआयव्ही सीडी-४ ला धरतो हे १९८४ मध्ये कळलं. ह्या दुसऱ्या गोष्टीला मी 'पकड' म्हणते. फॉस्टेमसाव्हिरसारखं औषध कुसळासारखं चिकटणं थांबवत नाही, पकड बसू देत नाही. म्हणून 'पेशीला चिकटूच देत नाही' हे वाक्य औषधाला फुकटचं श्रेय देतं.

ही पकड दिसते कशी, तेही सांगते, कारण शब्द त्यातूनच सुचेल. १९९८ मध्ये जीपी-१२० आणि सीडी-४ एकत्र असतानाची स्फटिकरचना (स्फटिक करून काढलेलं रेणूंचं चित्र) प्रसिद्ध झाली. त्यात दिसलं की जीपी-१२० मध्ये एक खळगा आहे आणि त्याच्या तोंडाशी सीडी-४ मधलं ४३ व्या जागेवरचं एकच अमिनो आम्ल, फिनाइलअलॅनिन, बूच बसावं तसं बसलंय. एवढ्याशा बुचावर पुढचं सगळं अवलंबून. बूच बसलं की जीपी-१२० आपला आकार बदलतो, उघडतो, आणि आतापर्यंत झाकलेली दुसरी पकडीची जागा बाहेर येते. ती जागा सीसीआर-५ किंवा सीएक्ससीआर-४ ह्या सहग्राहीला, म्हणजे सीडी-४ च्या जोडीनं लागणाऱ्या पेशीवरच्या दुसऱ्या प्रथिनाला, धरते (हे दोन १९९६ मध्ये सापडले). मग काट्याचा खालचा भाग, जीपी-४१, भाल्यासारखा पेशीच्या पटलात (बाहेरच्या आवरणात) घुसतो, दुमडतो आणि पेशीचं व विषाणूचं अशी दोन्ही पटलं एकमेकांत ओढून घेतो.

धातुसाधित, तुमच्या शेतातल्या लागणीबद्दल. शिरल्यावर विषाणू आपल्या आरएनएवरून डीएनए करतो आणि तो पेशीच्या स्वतःच्या डीएनएमध्ये लावून टाकतो. आता पेशी जगेल तोवर ते बेणं तिथंच. एचआयव्ही औषधांनी दबतो पण जात नाही, तो ह्याचमुळे. तेव्हा तुमच्या शब्दाचं एक टोक 'टेकणं' आणि दुसरं टोक 'लावणं', आणि हा विषाणू दोन्ही टोकं जोडतो. मला हे फार आवडलं, पण पुस्तिकेत घालू नका, वाचक गोंधळेल.

अर्धविराम:
'पकड' घेतला! 'पकड बसू न देणारे'. इतकं सोपं होतं तर मी तीन दिवस काय करत होतो.

शंकासुर:
थांबा. पकड बसू देत नाही म्हणजे कोणाला अडवलं? पेशीचा हात बांधला की विषाणूचा? तुमच्या मूळ वाक्यातही ते कळत नव्हतं आणि नव्यातही कळत नाही.

पिपेट:
शंकासुरनं आज पहिल्यांदा बरोबर शंका काढली. खरा घोळ इथंच आहे, आणि तो फक्त मराठीचा नाही.

मॅराव्हिरॉक नावाचं औषध बसतं पेशीवर, सीसीआर-५ च्या आतल्या खाचेत. त्यामुळे सीसीआर-५ चा आकार किंचित बदलतो आणि विषाणूला तो ओळखू येत नाही. २००७ मध्ये मान्यता मिळाली. विषाणूऐवजी माणसाच्या प्रथिनावर बसणारं एचआयव्हीचं ते पहिलं औषध. पण विषाणूचा ओढा सीएक्ससीआर-४ कडे असेल तर ते निरुपयोगी, म्हणून देण्याआधी ओढा तपासावा लागतो. ('ओढा' माझा शब्द. इंग्रजी 'ट्रॉपिझम'ला पुस्तकात 'अनुवर्तन' वगैरे काहीतरी लिहितात, माझ्या जिभेवर बसत नाही.)

फॉस्टेमसाव्हिर नेमकं उलट, विषाणूवर बसतं. २०२० च्या जुलैमध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली.

इबालिझुमॅब पेशीवरच्या सीडी-४ वर बसतं, पण अशा ठिकाणी की विषाणूची पकड बसते आणि पुढचं काम अडतं. शिवाय ती प्रतिपिंड (अँटिबॉडी) आहे, लहान रेणू नव्हे, शिरेतून द्यावी लागते.

ह्या तिघांना मिळून 'शिरकाव रोखणारी औषधं' म्हणा. त्यात पोटविभाग करताना कर्ता-कर्म स्पष्ट लिहा: कोण, कोणावर बसतं.

पेशीच्या प्रथिनावर बसलं की पेशीचं स्वतःचं कामही थांबू शकतं, हे विसरायचं नाही. सीएक्ससीआर-४ अडवणारा प्लेरिक्साफॉर हा रेणू मुळात एचआयव्हीसाठी तपासला जात होता. लक्षात असं आलं की तो दिल्यावर रक्तात मूळपेशी (स्टेम सेल) वाढतात. अस्थिमज्जेत मूळपेशींना बांधून ठेवायचं काम सीएक्ससीआर-४ कडे असतं, आणि ती दावणच सुटली. आज तो औषध म्हणून वापरात आहे तो मूळपेशी गोळा करण्यासाठी, २००८ पासून. एचआयव्हीसाठी नाही.

काना-मात्रा:
'सहग्राही' ठीक. 'ग्राहक' लिहू नका, पेशी दुकानात गेल्यासारखी वाटते.

गोळीवेळ:
मी औषधशास्त्रातली नाही. एचआयव्हीसह जगणाऱ्यांशी बोलणं हे माझं रोजचं काम. दोन गोष्टी सांगते.

एक, लोक 'ग्राही' म्हणत नाहीत, पण 'सीडीफोर' घरच्या माणसासारखं म्हणतात. "माझा सीडीफोर साडेतीनशेवर आलाय", "ह्यांचा लोड दिसत नाही आता" (लोड म्हणजे रक्तातल्या विषाणूंची मोजणी). तेव्हा सीडी-४ समजावून सांगायला घाबरू नका. उलट रिपोर्टवरचा आकडा म्हणजे ज्या पेशींवर हे प्रथिन असतं त्यांची मोजणी, आणि विषाणू पकडतो ते हेच प्रथिन, हे कळलं की माणूस क्षणभर गप्प होतो. मग म्हणतो, "म्हणजे नेमका त्यालाच धरतो होय!"

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. 'प्रतिबंधक', 'लागण रोखणारे' असले शब्द कृपा करून टाळा. 'प्रतिबंधक' म्हटलं की डोक्यात लस येते. मागे एका छापील पत्रकात फॉस्टेमसाव्हिरलाच 'विषाणू-प्रतिबंधक गोळी' म्हटलं होतं. ते घेऊन एक जोडपं माझ्याकडे आलं. त्याला गोळी सुरू होणार होती, आणि प्रश्न तिचा होता: "प्रतिबंधक आहे ना, मग मी पण घेऊ का?" चूक तिची नव्हती, शब्दाची होती. ही गोळी ज्यांना आधीच लागण आहे, बरीच औषधं घेऊन झाली आहेत आणि विषाणू त्यांना जुमानत नाही, अशांसाठी. तीही इतर औषधांच्या जोडीनं. लागण टाळण्यासाठी घ्यायची औषधं वेगळी.

'निरोधक'ही नको. ह्या विषयात 'निरोध' म्हटलं की लोक कंडोम समजतात, आणि मग तासभर तेच निस्तरत बसावं लागतं.

अर्धविराम:
गोळीवेळ, हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. 'जुमानत नाही' तर उचललाच. मी 'औषध-प्रतिरोधी विषाणू' लिहून बसलो होतो.

गोळीवेळ:
तो बदलाच. 'प्रतिकार' शरीराचा, 'प्रतिरोध' विषाणूचा, 'अवरोध' औषधाचा. तीन ओळींत तीन रोध आले की कोण कोणाच्या बाजूनं लढतंय तेच कळेनासं होतं.

शंकासुर:
मी परत आलो. कुलूप-किल्लीचा दाखला द्या ना. विषाणूकडे किल्ली, पेशीला कुलूप, औषध म्हणजे कुलपात मोडलेली काडी. पोरांनाही कळेल.

पिपेट:
मॅराव्हिरॉकला ओढूनताणून चालेल. फॉस्टेमसाव्हिरला नाही, कारण ते किल्लीवरच बसतं. आणि किल्ली इथं नुसती फिरत नाही, कुलपाला लागली की स्वतःच आकार बदलते. शिवाय ह्या दाखल्याचं एक वाईट उदाहरण होऊन गेलंय. एनबीडी-५५६ नावाचा एक छोटा रेणू २००५ च्या सुमारास समोर आला. सीडी-४ च्या त्या बुचाची नक्कल करून तो जीपी-१२० च्या खळग्यात बसतो. कल्पना अशी की जागा अडवली, सीडी-४ ला आत यायला वाव नाही. पण बूच बसल्यावर जीपी-१२० ला वाटलं सीडी-४ च आलं, आणि ते उघडलं! सीडी-४ नसलेल्या, फक्त सीसीआर-५ असलेल्या पेशींमध्येही विषाणू शिरताना दिसला. जवळ पेशी नसेल तर उघडलेला काटा थोड्या वेळात निकामी होतो, म्हणून ही वाट पुढे कोणी टाकून दिली नाही. पण तुमची मोडलेली काडी कुलूप उघडून बसली, हे खरं.

म्हणजे 'जागा अडवणे' आणि 'पकड रोखणे' हे एक नव्हे.

धातुसाधित:
मग फॉस्टेमसाव्हिर नक्की काय करतं? उघडू देत नाही?

पिपेट:
तेच. ते सीडी-४ च्या जागेच्या शेजारी, एका वळशाखाली शिरून बसतं आणि जीपी-१२० ला मिटलेल्या स्थितीतच अडकवून ठेवतं. ह्यावर बरीच वर्षं वाद होता. ह्या कुळातल्या बीएमएस-३७८८०६ बद्दल २००३ मध्ये म्हटलं गेलं की तो सीडी-४ शी जागेसाठी झगडतो. लगेच दुसरे म्हणाले, नाही, सीडी-४ धरलं तरी पुढचा आकारबदल होऊ देत नाही. २०१७ मध्ये मिटलेल्या काट्यात हे रेणू बसलेले असतानाची रचना मिळाली, तेव्हा चित्र स्वच्छ झालं. तात्पर्य काय, इंग्रजीतलं नावही घटनेचं वर्णन म्हणून थोडं सैलच आहे. तुम्ही त्याच्याशी 'संलग्न' राहायची गरज नाही.

धातुसाधित:
मग शब्द तुमच्यासमोर पडलाय. खीळ. दाराची खीळ, नांगराची खीळ. हलणाऱ्या दोन भागांत घातली की हालचाल बंद. 'कामाला खीळ बसली' आपण रोज म्हणतो आणि ती वस्तू विसरतो. इथं ती वस्तूच आहे. कोपऱ्यात खुपसलेली, आणि दार मिटलेलंच.

पिपेट:
वा. हे मी पुढच्या बॅचला शिकवताना वापरणार.

काना-मात्रा:
'लघुरेणू'चं राहिलं. 'सूक्ष्म रेणू' कोणी लिहायच्या आत सांगतो: सगळेच रेणू सूक्ष्म असतात.

पिपेट:
'लहान रेणू' लिहा आणि कशाच्या मानानं लहान ते एकदाच सांगा. जीपी-१२० मधला १२० म्हणजेच त्याचं वस्तुमान, १२० किलोडाल्टन (डाल्टन हे रेणूंच्या वजनाचं एकक, किलो म्हणजे हजार), आणि त्यातला जवळजवळ निम्मा भाग वरच्या शर्करांचा. प्रतिपिंड साधारण १५० किलोडाल्टनची. आणि खीळ? ४७३ डाल्टन. म्हणजे जीपी-१२० च्या अडीचशेव्या हिश्शाएवढी. लहान असण्याचा व्यवहारातला अर्थ असा की ती रसायनशाळेत बनवता येते आणि गोळी म्हणून गिळता येते. एन्फुव्हर्टाइड हे २००३ चं औषधही शिरकावच रोखतं, पण ते ३६ अमिनो आम्लांची साखळी. गिळलं तर पचून जाईल, म्हणून दिवसातून दोनदा कातडीखाली सुई.

गोळीवेळ:
ही गोळीही दिवसातून दोनदाच, ६०० मिलिग्रॅमची. अख्खी गिळायची, चावायची-चुरायची नाही. आणि तिला किंचित व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो. डबी उघडल्यावर 'खराब झाली वाटतं' म्हणून कोणी टाकून देऊ नये, म्हणून हे मात्र नक्की लिहा.

अर्धविराम:
सगळ्यांचं ऐकून नवा मसुदा:

'फॉस्टेमसाव्हिर हे औषध पेशीवर नव्हे, विषाणूवर बसते. विषाणूच्या काट्यावर जीपी-१२० नावाचे प्रथिन असते आणि ते पेशीवरच्या सीडी-४ ला पकडते. हा लहान रेणू जीपी-१२० ला मिटलेल्या स्थितीतच खीळ घालतो. त्यामुळे पकड बसत नाही आणि विषाणूचा पेशीत शिरकाव होत नाही. ज्यांना आधीच लागण झाली आहे आणि ज्यांचा विषाणू इतर औषधांना जुमानत नाही, त्यांच्या उपचारासाठी हे औषध इतर औषधांसोबत देतात. लागण टाळण्यासाठी ते नाही.'

शंकासुर:
कळलं. पहिल्या वाचनात.

पिपेट:
छान. फक्त एक. गोळीत असतं ते फॉस्टेमसाव्हिर, पण विषाणूवर बसतं ते टेमसाव्हिर. आतड्याच्या आतल्या अस्तरावर अल्कलाइन फॉस्फेटेज नावाचं विकर (एन्झाइम) असतं (रक्ताच्या रिपोर्टमध्ये ह्याचं नाव पाहिलं असेल). ते फॉस्फेटचं शेपूट कापतं, आणि उरतो तो टेमसाव्हिर रक्तात जातो. शेपूट लावलेलं असतं ते नीट विरघळावं म्हणून. नावातलं 'फॉस्' तेवढ्यासाठीच.

धातुसाधित:
शरीरात गेल्यावर खरं औषध बनणाऱ्या अशा रेणूला (इंग्रजीत 'प्रोड्रग') 'पूर्वौषध' म्हणू नका, पूर्वजांचं औषध वाटतं.

अर्धविराम:
म्हणजे पहिलाच शब्द बदलायचा. 'फॉस्टेमसाव्हिरच्या गोळीतून शरीरात तयार होणारा टेमसाव्हिर हा लहान रेणू पेशीवर नव्हे, विषाणूवर बसतो.' आणि काना-मात्रा, ते 'होत' कधीच काढलंय.